केस, वास आणि कुत्र्याची जात

कुत्र्याचे केस गळणे, त्याच्या अंगाला वास येणे आणि त्याच्यामुळे माणसाला शिंका येणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पिल्लू घरी आणताना बहुधा त्यांची गल्लत होते.

प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग त्याची वाढ थांबते आणि तो गळतो. गळती किती, हे या चक्रावर ठरते. केसांच्या लांबीवर नव्हे. लॅब्रॅडॉर, बीगल, पग आणि डाल्मेशियन यांचे केस आखूड असल्याने ते कमी त्रासाचे समजले जातात. प्रत्यक्षात हे चौघेही वर्षभर भरपूर केस गाळतात, आणि ते आखूड, राठ केस गाद्यांच्या आणि सोफ्याच्या कापडात रुतून बसतात. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, हस्की आणि आपल्याकडे सर्रास पॉमेरेनियन म्हणून विकला जाणारा स्पिट्झ यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा राठ, आतला लोकरीसारखा मऊ. ऋतू पालटला की आतला थर पुंजक्यापुंजक्यांनी निघू लागतो.

पूडल, बिशाँ फ्रीझे, माल्टीज, शिह त्झू या जातींचे केस माणसाच्या डोक्यावरच्या केसांसारखे दीर्घकाळ वाढत राहतात. पूडलचा गळालेला केस कुरळ्यांतच अडकतो, फरशीवर पडत नाही. झाडू कमी लागतो. पण कंगवा रोज लागतो आणि साधारण 4 ते 6 आठवड्यांनी कात्रीही. हे टाळले की केसांच्या गाठी होतात, त्यांखालची कातडी ओलसर राहते, चिघळते आणि वास मारू लागते. ज्या घरात रोज 15 मिनिटे विंचरायला कोणी नाही, त्या घराने पूडल आणू नये.

वासाचे गणित वेगळे आहे. माणसाला येतो तसा पातळ घाम कुत्र्याला मुख्यतः पंजांच्या गाद्यांतूनच येतो. अंगाचा वास येतो तो कातडीतल्या तेलामुळे आणि त्या तेलावर वाढणाऱ्या जिवाणूंमुळे व यीस्टमुळे. पाण्यात उतरून काम करण्यासाठी जोपासलेल्या लॅब्रॅडॉरचे केस तेलकट असतात. पाणी निथळून जावे यासाठी ते उपयोगी, पण मुंबईच्या किंवा कोकणाच्या पावसाळ्यात तोच कुत्रा दिवसभर दमट राहतो. कॉकर स्पॅनियलच्या लोंबत्या कानांत हवा खेळत नाही. पग आणि बुलडॉग यांच्या चेहऱ्यावरच्या घड्या नियमित पुसून कोरड्या ठेवाव्या लागतात. बॅसेट हाउंडच्या बाबतीत तर तेलकट कातडी, लांब कान आणि सैल ओठ हे तिन्ही एकत्र येतात. नाक तिखट असलेल्यांनी या जाती टाळाव्यात.

मात्र वास अचानक वाढला, तर दोष जातीचा नसतो. कानाचा संसर्ग, किडलेले दात किंवा तुंबलेल्या गुदग्रंथी हे त्याचे नेहमीचे कारण. अशा वेळी अत्तरी फवारे मारण्यापेक्षा पशुवैद्याकडे जावे. माणसांचा शाम्पूही वापरू नये. कुत्र्याच्या कातडीला तो मानवत नाही, ती कोरडी पडून खाजू लागते.

आपल्या हवेला सरावलेल्या जातींकडे मराठी घरांचे दुर्लक्ष होते, ही खेदाची गोष्ट आहे. महाराष्ट्रातला कारवान आणि कर्नाटकातला मुधोळ यांची कातडी तलम, केस बारीक आणि अंगाला वास अगदी कमी. मुधोळच्या नावाचे टपाल तिकीट 2005 मध्ये निघाले, पण शहरी घरांत तो अजून विरळाच. अर्थात ही शिकारी, धावणारी कुत्री आहेत. रोज मोकळे धावायला जागा नसेल तर त्यांना आणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. सदनिकेत राहणाऱ्यांना साधा गावठी कुत्रा अधिक सोयीचा. केस थोडे गळतात, पण आखूड केसांचे अंग पावसात भिजले तरी लवकर वाळते.

ॲलर्जी ही तिसरी बाब. तिचे कारण केस नसून कुत्र्याच्या लाळेत आणि कोंड्यात असणारी प्रथिने आहेत. त्यांतले प्रमुख ‘कॅन एफ 1’. ही प्रथिने सगळ्याच जातींत असतात. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच संशोधनात ‘ॲलर्जीमुक्त’ म्हणवणाऱ्या जातींत हे प्रथिन कमी आढळले नाही. त्याआधी ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी 1989 च्या सुमारास लॅब्रॅडॉर आणि पूडल यांचा संकर केला होता. हवाईतल्या एका अंध महिलेला मार्गदर्शक कुत्रा हवा होता, पण तिच्या पतीला कुत्र्यांची ॲलर्जी होती. पिल्लांचे केस आणि लाळ हवाईला पाठवून तपासली गेली. 3 पिल्लांपैकी एकच त्या पतीला सोसले. आईबाप तेच, तरी फरक पडला.

म्हणून ॲलर्जी असलेल्यांनी जातीच्या नावावर किंवा विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. ज्या कुत्र्याला आणायचे, त्याच्याच सहवासात वेगवेगळ्या दिवशी काही तास काढावेत, आणि शक्य तर पिल्लाऐवजी मोठा कुत्रा दत्तक घ्यावा. त्याचे केस किती गळतात आणि अंगाला वास किती येतो, हे घरी आणण्याआधीच कळते.