धूर बाहेर, ऊब घरात



डिसेंबर-जानेवारीत आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात रात्रीचे तापमान अनेकदा 10 अंशांच्या खाली उतरते. पैनगंगेच्या काठच्या गावांत पहाटे हुडहुडी भरते आणि घरोघरी शेगडी, शेकोटी, बंब पेटतो. थोड्या सरपणात जास्त ऊब कशी मिळवावी आणि त्यात मातीचा उपयोग काय, हे या अंकात समजून घेऊ.

प्रथम जाळ. लाकूड तापले की त्यातून वायू निघतात. ते पुरेशा उष्णतेत आणि पुरेशा हवेत पेटले तर ज्वाला होते, न पेटता निसटले तर धूर. म्हणजे धूर हे वाया गेलेले सरपणच. तीन दगडांच्या चुलीत उष्णता चारी बाजूंनी पळते, भांड्याला तिचा थोडाच वाटा मिळतो आणि धूर मात्र आईच्या डोळ्यांत आणि छातीत जातो.

आता आपला तांब्याचा बंब पाहा. मधोमध उभी नळी, तिच्याभोवती पाणी. उभ्या नळीमुळे हवा छान ओढली जाते. परंतु भोवती गार पाणी असल्यामुळे जाळ पूर्ण होण्याआधीच थंडावतो, म्हणून सुरुवातीला बंब फार धुरतो.

हीच अडचण रॉकेट चुलीत सोडवली आहे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात 1980च्या दशकात लॅरी विनियार्स्की यांनी तिची तत्त्वे मांडली. आडवी भट्टी आणि तिला जोडलेली उभी नळी, अशी तिची रचना असते. नळीभोवती पाण्याऐवजी राखेसारखी उष्णता अडवणारी वस्तू भरतात. त्यामुळे आतील तापमान 600 अंशांच्या वर जाते, धुरातले वायू तिथेच पेटतात आणि मगच ती उष्णता भांड्याला मिळते. आधी पूर्ण जाळणे, मग उष्णता घेणे, हा तिचा नियम. लाकूड मात्र वाळलेले आणि बारीक फोडलेले हवे.

पुढे ओरेगॉनमध्येच इयांतो इव्हान्स यांनी याच चुलीपासून खोली गरम ठेवण्याचे साधन केले. जाळातून निघालेली गरम हवा धुराड्यातून थेट बाहेर न सोडता मातीच्या लांब कट्ट्यात बसवलेल्या नळीतून फिरवतात आणि शेवटी घराबाहेर सोडतात. थोडा वेळ जाळ केला तरी कट्टा कित्येक तास उबदार राहतो. इथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी पक्की लक्षात ठेवावी : राख उष्णता अडवते, जड माती उष्णता साठवते. नळीभोवती राखेऐवजी ओली माती थापली तर जाळ पुन्हा बंबासारखाच थंडावतो.

आता माती. आपल्या पूर्वजांनी शेताला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हटले, त्यात शास्त्र आहे. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते. पिकाला ती उत्तम, भिंतीला नाही. माती तपासायची तर काचेच्या बरणीत माती व पाणी घालून हलवा आणि एक दिवस ठेवा. तळाशी वाळू, वर गाळ, त्यावर चिकणमाती असे थर दिसतील. कट्ट्यासाठी साधारण एक हिस्सा चिकणमाती, दोन-तीन हिस्से वाळू आणि कापलेले तणस पायांनी तुडवून एकजीव करावे. जोते दगडाचे हवे आणि वळचण लांब हवी. मातीचा खरा शत्रू पाणी.

पैनगंगा ओलांडून पांढरकवडा, हिंगणघाट मार्गे वर्ध्याला गेले की सेवाग्राम लागते. तिथे 1936पासून उभारलेल्या गांधीजींच्या आश्रमातील कुट्या माती, बांबू आणि कवेलूंच्या आहेत आणि आजही नीट आहेत, कारण त्यांची देखभाल होते. वर्ध्यातच देवेंद्रकुमार यांनी 1976 साली ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र स्थापन करून मातीच्या घरांवर काम सुरू केले. आपल्याकडील गोंड आणि कोलाम बांधवांच्या कुडाच्या भिंती, म्हणजे विणलेल्या बांबूवर लिंपलेली माती, हेही त्याच विद्येचे रूप.

परंतु मातीचे केवळ गुण गाऊन चालणार नाही. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. म्हणून कट्टा जड चालेल, छत मात्र हलकेच हवे.

दुसरा धोका दरवर्षी आपल्या दाराशी येतो. निखाऱ्याच्या शेगडीला धूर नसतो म्हणून ती निर्धोक वाटते. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत झोपलेल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही. रॉकेट चूल कमी धुरते, तरी तिलाही हाच नियम लागू आहे. पालकांना आमची हात जोडून विनंती आहे : पेटती शेगडी झोपण्याच्या खोलीत कदापि ठेवू नका.

1980च्या दशकात सरकारी कार्यक्रमातून गावोगावी सुधारित चुली बसल्या. त्यांपैकी पुष्कळ चुली पुढे बंद पडल्या, कारण तुंबलेले धुराडे साफ कोणी करायचे आणि तडा कोणी लिंपायचा, हे घरात कोणाला शिकवलेच नव्हते. ज्याने चूल स्वतः बांधली, तोच ती दुरुस्त करू शकतो.

म्हणून या हिवाळ्यात आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांकडून शाळेच्या आवारात, उघड्या मांडवाखाली, पाणी तापवण्याची एक रॉकेट चूल शिक्षकांच्या देखरेखीत बांधून घेण्याचे आम्ही ठरवले आहे. विश्वस्त मंडळींकडे मागणी पैशाची नाही. जुन्या भाजक्या विटा, दोन पोती राख आणि बैलगाडीभर पांढरी माती मिळाली की पुरे. ज्या आजीआजोबांनी कधी कूड लिंपला आहे, त्यांनी एक दिवस अवश्य यावे. त्यांच्या हातात जे आहे, ते आमच्या पुस्तकांत नाही.