घरगुती शिलाई : आधी हिशेब, मग कात्री

घरी शिलाई करणाऱ्या अनेक भगिनींचे काम सफाईदार असते. तरी महिनाअखेर हाती फारसे उरत नाही. कारण बहुधा एकच : शिलाईचा दर शेजारणीकडे पाहून ठरतो, स्वतःचा वेळ मोजून नाही.

समजा, एका सलवार-कमीजला बेतणे, शिवणे, तुरपाई व इस्त्री धरून ४ तास लागले. दोरा, बक्रम, वीज व मशीनची दुरुस्ती यांचे ४० रुपये झाले. शिलाई १५० रुपये घेतली तर मेहनतीचे ११० उरले, म्हणजे तासाला साडेसत्तावीस रुपये. तासाला ५० हवे असतील तर दर २४० ठेवावा लागेल.

उसवून पुन्हा शिवण्यात जाणारा वेळ फुकट जातो. सुती कापड धुतल्यावर आटते. म्हणून बेतण्यापूर्वी ते भिजवून वाळवावे. पातळ कापडाला ११, मध्यमला १४ व जाड कापडाला १६ नंबरची सुई लावावी. बाजूच्या शिवणीत १ इंच माया सोडावी, म्हणजे कपडा पुढे सैल करता येतो.

गिऱ्हाइकाचे माप, ठरलेला दर, आगाऊ रक्कम व कपडा देण्याची तारीख वहीत लिहावी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत आहेच. रमजानमध्ये रोज किती जोड शिवून होतात ते पाहूनच काम घ्यावे; तेवढे भरताच पुढचे नम्रपणे नाकारावे. ईदच्या सकाळी ज्याच्या मुलांना नवा कपडा मिळाला नाही, ते गिऱ्हाईक पुन्हा दारात येत नाही.