एएफबी पॉझिटिव्ह म्हणजे टीबीच?

दुर्बिणीतून पित्ताशय काढून रुग्ण घरी जातो, टाके सुकतात. महिन्याभराने बेंबीजवळच्या दुर्बिणीच्या छिद्रापाशी गाठ उठते आणि फुटून वाहू लागते. नेहमीची अँटिबायोटिक्स लागू पडत नाहीत. पुवाचा रिपोर्ट 'एएफबी (आम्लरोधी जंतू) पॉझिटिव्ह' येतो आणि लगेच टीबीच्या चार औषधांचा कोर्स सुरू होतो. जखम वाहतच राहते.

एएफबी दिसले की टीबी, हे समीकरण आता मोडायलाच हवं. झील-नील्सन तपासणीतला लाल रंग जंतूच्या मेणचट आवरणात टिकून राहतो, आणि असं आवरण क्षयेतर मायकोबॅक्टेरियांनाही, म्हणजे एनटीएमलाही असतं. त्यांच्या सुमारे 200 जाती माती-पाण्यात, अगदी नळाच्या पाण्यातही राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या टीबीच्या जंतूपासून खात्रीने वेगळ्या काढता येत नाहीत. सीबीनॅट ही जनुकीय चाचणी मात्र फक्त क्षयाच्या जंतूचा डीएनए शोधते. म्हणून एएफबी पॉझिटिव्ह आणि सीबीनॅट निगेटिव्ह असेल, तर एनटीएमचा संशय घ्यायलाच हवा. तो रिपोर्ट 'मशीनची चूक' म्हणून बाजूला का टाकला जातो? अशा जखमांत वारंवार सापडणाऱ्या मायकोबॅक्टेरियम अ‍ॅबसेससवर आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन चालत नाहीत. रुग्ण महिनोन्‌महिने यकृताला जड जाणारी औषधं गिळतो, तीही विनाकारण.

'कल्चरमध्ये काही उगवलं नाही' यावरही विसंबू नये. साधं कल्चर बहुधा दोन दिवसांत बंद होतं. वेगाने वाढणाऱ्या एनटीएमनाही तीन ते सात दिवस लागतात, बाकीच्यांना कित्येक आठवडे. मायकोबॅक्टेरियाचं कल्चर चिठ्ठीवर वेगळं मागावं लागतं. आणि जखमेतून काढलेला तुकडा सगळाच फॉर्मालिनमध्ये टाकला, तर त्यातले जंतू मरतात. एक भाग निर्जंतुक सलाइनमध्ये पाठवायला हवा.

उलटी घाईही होते. थुंकीत एकदा एनटीएम उगवले म्हणजे फुफ्फुसाचा आजार झालाच असं नाही. 2020च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार लक्षणं आणि सीटी स्कॅन किंवा एक्स-रेमधले बदल हवेत, शिवाय थुंकीचे दोन वेगवेगळे नमुने किंवा ब्राँकोस्कोपीतून घेतलेला एक नमुना कल्चरमध्ये पॉझिटिव्ह हवा.

'एनटीएमची लागण शेजारच्या खाटेवरून झाली'? सहसा नाही, पाणी आणि उपकरणं आधी तपासावीत.

'उपकरणं ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकात बुडवली की झालं'? ब्राझीलमध्ये दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांनंतर पसरलेल्या साथीतला एनटीएम या जंतुनाशकाच्या 2 टक्के द्रावणातही तगून होता.

'ऑपरेशनला वर्ष झालं, आता त्याचा काय संबंध?' हृदयशस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या हीटर-कूलर यंत्रातल्या पाण्यातून हवेत उडालेल्या मायकोबॅक्टेरियम कायमेराने युरोप-अमेरिकेतले रुग्ण आजारी पडले, ते काही महिन्यांनी, तर कधी काही वर्षांनी. त्यामुळे कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णाचा ताप उतरत नसेल आणि साधी ब्लड कल्चर्स निगेटिव्ह येत असतील, तर रक्त मायकोबॅक्टेरियासाठीही पाठवायला हवं.