गाव, हंगाम आणि कोयता : बीड जिल्ह्याच्या समाजशास्त्रीय अभ्यासातील एककाचा प्रश्न

समाजशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातील क्षेत्रकार्य बहुतांशी ‘गाव’ या एककावर आधारलेले असते. गाव निवडावयाचे, कुटुंबांची यादी करावयाची, कुटुंबप्रमुखास प्रश्नावलीतील प्रश्न विचारावयाचे आणि मिळालेल्या उत्तरांवरून त्या गावाची समाजरचना मांडावयाची, ही पद्धती विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. हीच पद्धती घेऊन एखादा विद्यार्थी बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर कासार किंवा धारूर तालुक्यातील एखाद्या गावी जानेवारी महिन्यात गेला, तर अनेक घरांना कुलपे लागलेली त्यास आढळतात. उघड्या घरांत वृद्ध माणसे आणि शाळेत जाणारी मुले तेवढी असतात. अशा वेळी कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात आजीचे नाव लिहिले जाते आणि कुटुंब ‘लहान’ ठरते. विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे काम केलेले असते. तरीही हाती आलेले चित्र अपुरे असते. हे असे का होते, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

गाव हे अभ्यासाचे स्वाभाविक एकक मानण्यास मोठी परंपरा आहे. १८३० मध्ये चार्ल्स मेटकाफ याने भारतीय ग्रामसमाजांस छोटी प्रजासत्ताके म्हटले आणि स्वयंपूर्ण, स्थिर गावाची कल्पना दीर्घकाळ रूढ झाली. मराठीत त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ लिहून वतनदार, बलुतेदार आणि फिरस्ते यांच्या व्यवहाराचे सूक्ष्म दर्शन घडविले. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्या विभागाची धुरा १९२४ पासून दीर्घकाळ वाहिलेल्या गो. स. घुर्ये यांनी पुणे जिल्ह्यातील लोणीकंद या गावाचा पुनरभ्यास १९६० मध्ये प्रसिद्ध केला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी थॉमस कोट्स याने त्याच गावाची पाहणी केलेली होती. श्यामाचरण दुबे यांचा शमीरपेट गावावरील ग्रंथ १९५५ मध्ये निघाला. शमीरपेट तेव्हा ज्या हैदराबाद राज्यात होते, त्याच राज्यात बीड जिल्हाही होता. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५८ मध्ये औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९९४ पासून ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांस ग्रामाभ्यासाची पद्धती आयती मिळाली. परंतु ज्या प्रदेशात ती वापरावयाची, तो प्रदेश दरम्यान बदलत होता.

हा बदल साखर कारखानदारीशी निगडित आहे. १९५० च्या सुमारास प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढील दशकांत पश्चिम महाराष्ट्रात अशा कारखान्यांची संख्या वाढत गेली. कारखान्यास ठराविक महिन्यांत अखंड ऊस लागतो आणि तोडलेला ऊस लवकर गाळावा लागतो; म्हणून हंगामापुरते, पण भरपूर मनुष्यबळ त्यास हवे असते. बालाघाटाच्या पठारावरील कोरडवाहू शेतकरी आणि भूमिहीन मजूर यांच्याजवळ खरिपानंतर पुरेसे काम नसते. १९७२ च्या दुष्काळासारख्या आपत्तींनी ही विवंचना अधिकच तीव्र केली. या दोन गरजांची गाठ मुकादम घालून देतो. हंगामापूर्वी तो ‘उचल’ देतो, मजुरांची टोळी बांधतो आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ती टोळी अहिल्यानगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकातील कारखान्यांकडे नेतो. मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपतो आणि तोपर्यंत उचल मजुरीतून फेडावयाची असते. ती फिटली नाही, तर बाकी पुढील हंगामाच्या खात्यावर चढते.

समाजशास्त्राच्या दृष्टीने येथील महत्त्वाची गोष्ट अशी की, मजुराची मोजदाद माणसागणिक होत नाही. ती ‘कोयत्या’गणिक होते. कोयता म्हणजे ऊस तोडण्याचे हत्यार. परंतु व्यवहारात एक कोयता म्हणजे पती-पत्नीची जोडी आणि एकटा मजूर म्हणजे अर्धा कोयता. पुरुषाने ऊस तोडावा, स्त्रीने पाचट काढून मोळ्या बांधाव्यात व त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहाव्यात, अशी कामाची वाटणी सर्वसाधारणपणे असते. उचल जोडीच्या नावे आणि मजुरी टनावर. दक्षिण गुजरातेत खानदेशातून जाणाऱ्या ऊसतोड मजुरांचा अभ्यास यान ब्रेमन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातही हेच एकक आणि हाच शब्द आढळतो. तेव्हा कोयता ही केवळ स्थानिक बोलीतील लकब नसून श्रमसंघटनेची एक संस्था आहे, असे म्हणावयास हरकत नाही. ‘गावगाड्या’तील वतन माणसास गावाशी आणि वंशपरंपरेने बांधीत असे; उचल ही जोडप्यास मुकादमाशी आणि हंगामापुरती बांधते. बंधन गेले नाही, त्याचे स्वरूप पालटले.

एकक बदलले की परिचित घटनांचा अर्थही बदलतो. विवाहाचेच उदाहरण घेता येईल. अविवाहित तरुण अर्धाच कोयता ठरत असल्याने विवाहाबरोबर त्याची उचल मिळविण्याची शक्ती वाढते; आणि आईबाप फडावर असताना वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवावी, ही चिंताही असतेच. अल्पवयीन विवाहांची मीमांसा केवळ रूढीच्या आधारे केली, तर ही आर्थिक बाजू नजरेआड होते. स्त्रियांच्या आरोग्याचेही तसेच आहे. स्त्री एक दिवस आजारी पडली, तर संपूर्ण कोयता थांबतो आणि खाड्याचा भुर्दंड जोडीवर पडतो. २०१९ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आल्याचे आढळले. या आकड्यांची कारणे एकच नाहीत. परंतु श्रमाच्या या एककाचा विचार केल्यावाचून ती कारणे पूर्णपणे उलगडणार नाहीत, हे निश्चित.

जनगणनेच्या आकड्यांबाबतही सावधगिरी आवश्यक आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ नोंदली गेली. ही गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात, म्हणजे ऐन तोडणीच्या दिवसांत झाली. या संपूर्ण काळात जो नेहमीच्या निवासस्थानी आला नाही, त्याची नोंद तो जेथे आढळेल तेथे व्हावी, असा नियम आहे. म्हणजे कोल्हापुरातील फडाजवळच्या कोपीत राहणारे जोडपे बीडच्या आकड्यात धरले जावयाचे नव्हते. कोपीपर्यंत प्रगणक पोहोचला नसेल, तर ते कोठेच धरले गेले नाही. येथे उलट टोकाची चूकही टाळावयास हवी. ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ८९४ होती, ती २०११ मध्ये ८०७ झाली. ही घसरण स्थलांतराने झाली, असे म्हणता येत नाही. कारण तान्ही मुले, मुलगा असो वा मुलगी, आईबरोबरच जातात. एखादी त्रुटी दोन्ही गटांस सारखीच लागू असेल, तर तिने संख्या कमी होते, प्रमाण बिघडत नाही. आकडा नाकारावयाचा नसतो. तो कोणाचा आहे हे आधी ठरवावयाचे असते.

यावरून क्षेत्रकार्याची आखणी कशी असावी, याचे दिग्दर्शन होते. एका गावास एकच भेट पुरेशी नाही. उचल घेतली जाते तेव्हा, फड चालू असतो तेव्हा आणि मजूर परत येऊन हिशेब होतो तेव्हा, अशा किमान तीन भेटी हव्यात. कुटुंबयादीत ‘सध्या कोठे’ हा रकाना महिन्यागणिक असावा. जोडप्याची माहिती पती व पत्नी या दोघांकडून स्वतंत्रपणे घेतली जावी. कारण उचलीचा हिशेब पुरुषाजवळ आणि घरातील उणिवेचा हिशेब स्त्रीजवळ असण्याचा संभव असतो. मागे राहिलेली मुले, हंगामी वसतिगृहे आणि फडावरील साखरशाळा ही एकाच कुटुंबाची अंगे म्हणून अभ्यासावीत. विद्यापीठांचे शैक्षणिक वर्ष आणि ऊसतोडणीचा हंगाम एकाच वेळी चालतात, ही खरी अडचण आहे. मराठवाड्यातील विभागाने मूळ गाव पाहावे आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठासारख्या ठिकाणच्या विभागाने फड पाहावा, अशी संयुक्त योजना केल्यास तिच्यावर मात करता येईल. आज प्रत्येकाच्या वाट्यास एकेक अर्धा भाग येतो.

आगामी जनगणनेसाठीही १ मार्च २०२७ हाच संदर्भदिन जाहीर झालेला आहे. त्या दिवशीही कोयते फडावरच असतील. बीड जिल्ह्याचे आकडे वाचण्यासाठी लागणारी हंगामाची नोंद तत्पूर्वी विद्यार्थ्यांनी करून ठेवली, तर ते समाजशास्त्राच्या अध्ययनाचे सार्थक ठरेल.