फ्लूचा हंगाम पावसाळ्याचा

पूर्णा नदीवरचं सिद्धेश्वर धरण भरू लागतं, त्या दिवसांत औंढा नागनाथ तालुक्याच्या शिवारात निंदणी-खुरपणीची घाई असते. नेमकी तेव्हाच घराघरांत कणकण येते, घसा धरतो, अंग मोडून येतं. ‘पावसात भिजलास’, ‘पाणी बाधलं’ अशी कारणं निघतात आणि मजुरी बुडू नये म्हणून ताप अंगावर काढला जातो. बहुतेकांचा तो चार-पाच दिवसांत उतरतोही. पण गरोदर सून, दमेकरी आजी किंवा मधुमेह असलेले आजोबा यांच्या बाबतीत दुखणं छातीत उतरून न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतं. यांतले काही ताप इन्फ्लुएन्झाचे, म्हणजे फ्लूचे असतात. त्याचा आपल्याकडचा हंगाम कोणता, हे पक्कं सांगायला शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षं नमुने गोळा करावे लागले.

युरोप-अमेरिकेच्या अनुभवावरून फ्लू हा थंडीतला आजार मानला जाई. आपल्याकडचं चित्र तपासण्याचं काम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं, म्हणजे एनआयव्हीनं हाती घेतलं. १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेल्या या संस्थेतल्या बी. एल. राव आणि कल्याण बॅनर्जी यांनी १९७८ ते १९९० या काळातल्या पुण्याच्या फ्लूचा आढावा १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. हेच काम पुढे देशभर नेणाऱ्यांमध्ये डॉ. मनदीप चढ्ढा यांचं नाव महत्त्वाचं आहे.

चढ्ढा यांचं आधीचं काम दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीवरचं. पुढचं महत्त्वाचं काम एका न उलगडलेल्या साथीचं. २००१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या सिलिगुडीत मेंदूज्वराची साथ आली. रुग्णालयातले कर्मचारी आणि रुग्णांना भेटायला आलेले लोकही तिच्या तावडीत सापडले, पण तेव्हा कारण हाती लागलं नाही. नमुने मात्र जपून ठेवलेले होते. पुढे बांगलादेशात निपाह विषाणू आढळला, तेव्हा ते पुन्हा तपासले गेले. १८ पैकी ९ रुग्णांत निपाहविरुद्धची प्रतिपिंडं मिळाली. चढ्ढा आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हा उलगडा जगापुढे मांडला. आज उत्तर न देणारा नमुनाही नीट सांभाळला पाहिजे, हा साथरोगशास्त्रातला मोठा धडा या प्रकरणानं दिला.

फ्लूच्या कामालाही अशीच चिकाटी लागते. बाह्यरुग्ण विभागात ताप-खोकल्याच्या रुग्णाच्या नाकातून स्वॅब घेतला जातो, शीतपेटीतून प्रयोगशाळेत पोहोचतो आणि पीसीआर चाचणीत विषाणूचा प्रकार कळतो. काही विषाणू पेशींमध्ये वाढवले जातात. मग बारीक खळग्यांच्या प्लॅस्टिक पट्टीत त्यांच्यासोबत तांबड्या रक्तपेशी सोडतात. विषाणू नसेल तर त्या पेशी तळाशी बसून घट्ट लाल ठिपका होतो. विषाणू असेल तर तो पेशींना एकमेकींत गुंतवतो आणि खळगाभर फिकट जाळं पसरतं. आता त्यात लसीतल्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं आधी मिसळून पाहायची. जाळं न होता पुन्हा ठिपका बसला, तर लस आणि फिरता विषाणू यांची जोडी जुळते.

चढ्ढा आणि सहकाऱ्यांनी २००९ ते २०१३ या काळात दहा शहरांतल्या ४४,१२७ रुग्णांची अशी पाहणी केली. ६,१९३ जणांमध्ये, म्हणजे १४ टक्क्यांमध्ये फ्लूचा विषाणू सापडला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानं हंगामाचा नकाशाच मांडला. पुणे, नागपूर, दिल्ली, लखनौ, कोलकाता, दिब्रुगड आणि अलप्पुळा इथं फ्लू जुलै ते सप्टेंबरमध्ये चढतो. चेन्नई आणि वेल्लोरला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जोर धरतो आणि फ्लूही तेव्हाच. श्रीनगरला मात्र जानेवारी ते मार्च, ऐन थंडीत. बहुतेक विषाणू लसीतल्या विषाणूंशी मिळतेजुळते होते, ही त्यातली दिलाशाची गोष्ट.

या नकाशाचा उपयोग थेट लसीच्या तारखेसाठी होतो. विषाणू रूप बदलत राहतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना लसीची घडण वर्षातून दोनदा सुचवते: उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत, दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये. भारत उत्तर गोलार्धात असला तरी पावसाळी फ्लूच्या शहरांत लस एप्रिल-मेमध्ये द्यावी, असं हा अभ्यास सांगतो. ऑक्टोबरमध्ये दिलेली लस तिथं साथ ओसरल्यावर पोहोचते. शिवाय लसीचं संरक्षण काही महिन्यांत उतरू लागतं, त्यामुळे पुढच्या आषाढापर्यंत तिचा जोर कमी झालेला असतो.

त्या दहा शहरांत मराठवाड्यातलं एकही नव्हतं. पण औंढा नागनाथ ज्यात येतं तो हिंगोली जिल्हा पुणे आणि नागपूर यांच्या दरम्यान आहे आणि दोन्हीकडे उत्तर एकच आलं. तेव्हा सिद्धेश्वर धरणाच्या परिसरातल्या गरोदर बाईसाठी, वृद्धांसाठी, जुन्या आजारांच्या रुग्णांसाठी लसीचे दिवस चैत्र-वैशाखातले मानणं शहाणपणाचं. आणि तालुक्याच्या रुग्णालयातूनही पावसाळ्यात नियमित स्वॅब गेले पाहिजेत, म्हणजे इथल्या तापाचा निर्णय दूरच्या शहरांच्या आकड्यांवर सोपवावा लागणार नाही.