वळचणीची चिमणी, बांधावरची सुगरण

चिमणी आणि सुगरण ही पाखरे आपल्या इतकी ओळखीची, की त्यांची कधी वाण पडेल असे कोणाच्या मनातही येत नाही. पण ठाण्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंत भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि दोघींच्याही संसाराची जागा आकसली.

चिमणी माणसाच्या आश्रयाने राहणारी. कौलारू घराची वळचण, भिंतीतले भोक, तसबिरीची मागची बाजू तिला पुरते. सिमेंटच्या गुळगुळीत भिंतीत तशी जागा उरत नाही. सुगरणीला हवी शिंदी, ताड किंवा बाभळ, शक्यतो पाण्यावर झुकलेली, आणि जवळपास भाताची वा गवताची लांब पाती. पावसाळ्यात ही पाती चिरून घरटे विणले जाते. गंमत अशी, की नाव सुगरण असले तरी विणकर नर असतो! अर्धे घरटे झाले की मादी येऊन पारखते. पसंत पडले तरच संसार मांडते. मग नर दुसरे घरटे विणायला घेतो. डॉ. सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीम येथे हे बारकाईने पाहून लिहून ठेवले.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत दोघीही ‘कमी चिंता’ या वर्गात आहेत. देशातील पक्ष्यांच्या २०२० च्या अहवालात चिमणीची संख्या एकंदरीत स्थिर, पण मोठ्या शहरांत घटलेली दिसली. म्हणजे जगाच्या हिशेबात भरपूर असलेले पाखरू एखाद्या गावातून मात्र नाहीसे होऊ शकते.

लोंब्या भरल्या की सुगरणींचे थवे दाणे खातात, हे खरे. पण दोघीही पिलांना अळ्या, किडे भरवतात, तो लाभ आपलाच. तेव्हा राखण जरूर करा, डबे वाजवा. पण अंडी-पिलांची घरटी उतरवू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही सुगरणीला संरक्षण दिले आहे.

ठाणे खाडीत २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य जाहीर झाले. सुगरणीचे अभयारण्य म्हणजे शेतकऱ्याचा बांध. त्यावरची शिंदी राहू द्या. आणि स्लॅबचे घर बांधाल, तेव्हा मांजर पोहोचणार नाही अशा उंचीवर, सव्वा इंच भोकाची एक लाकडी पेटी चिमणीसाठी टांगा. खर्च थोडा, पण नातवंडांना चिऊताई गोष्टीत नव्हे, अंगणात दिसेल.