'फ्री' म्हणजे फुकट? दरवेळी नाही!

मागच्या महिन्यात आईचा घाबऱ्या आवाजात फोन आला. "अरे, फुकट जागा मिळत होती म्हणून बटण दाबलं, तर गॅलरीतले सगळे फोटो गेले!" फोटोंच्या ॲपमधलं बटण होतं 'फ्री अप स्पेस'. दिवसभर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मलाही क्षणभर धडकी भरली.

फोटो गेले नव्हते. इथे फ्री म्हणजे मोकळं करणं. ज्या फोटोंचा ऑनलाइन बॅकअप आधीच झालाय, त्यांच्या फोनमधल्या प्रती हे बटण काढून टाकतं. ॲपमध्ये ते दिसतात, पण मूळ फोटो उघडायला नेट लागतं. खरा धोका पुढे आहे: नंतर ॲपमधूनही डिलीट केलेत, तर ती शेवटची प्रत असू शकते.

मराठीत फुकट वेगळं, मोकळं वेगळं. इंग्रजी दोन्हीला एकाच शब्दात बसवते. "संध्याकाळी फ्री आहेस का?" यावर कोणी भाव विचारत नाही! आणि हाच शब्द शेपटीला लागला की अर्थ होतो 'नसलेलं'. शुगर-फ्री चहात साखर नसते. ॲड-फ्री ॲपमध्ये जाहिराती नसतात, त्यासाठी बहुतेकदा पैसेच मोजावे लागतात.

आमच्या धंद्यातही हा घोळ जुना आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला, तो 'फ्री सॉफ्टवेअर'साठी. त्यांना अभिप्रेत होतं स्वातंत्र्य: प्रोग्रॅम हवा तसा वापरा, आतला कोड वाचा, बदला, इतरांना द्या. असं सॉफ्टवेअर विकायलाही मनाई नाही. उलट तुमच्या फोनमधली कित्येक फुकट ॲप्स या अर्थाने फ्री नाहीतच, कारण त्यांचा कोड तुम्हाला बघता येत नाही. व्हीएलसी प्लेअर मात्र दोन्ही अर्थांनी फ्री आहे.

खिशाला चाट लावणारा प्रकार म्हणजे 'फ्री ट्रायल'. सुरुवातीचे काही दिवस फुकट, पण त्याच वेळी तुमच्याकडून यूपीआय ऑटोपेला मंजुरी घेतलेली असते. मुदत संपली की पैसे कापले जातात. बरेच जण ॲप अनइन्स्टॉल करून निवांत होतात, पण त्याने ऑटोपे थांबत नाही. यूपीआय ॲप उघडा, ऑटोपे किंवा मॅन्डेट्सची यादी शोधा आणि तिथून ते रद्द करा.